घाटात काटा चढतो, सपाटीला उतरतो : जुन्या पिकअपचं वारंवार गरम होणं

तीन-साडेतीन लाख किलोमीटर झालेली डिझेल पिकअप, मग ती टाटा २०७ डीआय असो की बोलेरो पिकअप. रिकामी असताना शहाण्यासारखी चालते. पुण्याच्या मार्केट यार्डातून माल भरून सासवडकडच्या दिवे घाटाला लागली की निम्म्या चढावर टेम्परेचरचा काटा पाऊण, आणि माथ्यावर लाल पट्टीच्या तोंडाशी. सासवडच्या सपाटीला चार-पाच किलोमीटर धावली की काटा आपला आपण खाली. मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकतो, महिनाभर बरं वाटतं. मग रेडिएटरचं बूच बदललं जातं, मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. पावसाळा आणि थंडी कशीबशी निघते आणि मार्चमध्ये पहिले पाढे पंचावन्न.

हे पुन्हा पुन्हा होतं याचं कारण बहुतेक वेळा एक खराब पार्ट नसतो. रेडिएटर थोडा चोक, बूच थोडं ढिलं, फॅन थोडा सुस्त, आणि आत साधं पाणी. यातलं एकेक दुखणं गाडी निभावून नेते. रिकाम्या गाडीची उष्णता हे थकलेलं सामान उतरवतं, भरल्या गाडीची घाटात उतरवू शकत नाही. म्हणून एक पार्ट बदलला की थोडी उसंत मिळते, दुखणं तसंच राहतं. तेव्हा पैसे घालण्याआधी तपासणी क्रमाने करायची, आणि ती स्वस्तातल्या गोष्टींपासून.

काटा नेमका कधी चढतो?

मिस्त्रीने हे पहिल्यांदा विचारायला हवं, आणि बहुतेक जण विचारत नाहीत. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या चढतो आणि गाडी धावायला लागली की उतरतो, तर संशय फॅनवर किंवा जाळीत साचलेल्या घाणीवर. हायवेला ७० च्या वेगात, समोरून भरपूर वारा असताना चढतो, तर वारा पुरतोय, पाणी फिरत नाहीये: रेडिएटर आतून चोक, रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) दबतोय, किंवा वॉटर बॉडीचा पंखा झिजलाय. फक्त घाटात चढतो, तर दोन्हीकडे बघावं लागतं, कारण घाटात इंजिन सगळ्यात जास्त तापतं आणि २०-२५ च्या वेगात समोरचा वारा जवळजवळ नसतोच. तिथे सगळी भिस्त फॅनवर. आणि सकाळी गाडी चालू केल्यावर पाच मिनिटांतच काटा उड्या मारायला लागला, तर आत हवा अडकली आहे किंवा हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं आहे.

त्याआधी काटा खरं बोलतोय का तेही पाहून घ्या. हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलला तर अर्थिंग खराब आहे. इंजिनाची आणि कॅबिनची अर्थ वायर काढून, घासून, घट्ट करा. टेम्परेचर गन असेल तर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर रीडिंग घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन सरळ धरली तर आकडा खूप कमी दाखवते, आणि मग माणूस सेन्सरला दोष देत बसतो.

बूच

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उघड्या भांड्यातलं पाणी इथे साधारण ९८ अंशांनाच उकळतं. बुचावर ०.९ लिहिलेलं असेल तर ते तेवढा बार दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली तेच पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे बुचाचा रबर कडक झाला, भेगाळला, की जवळजवळ २० अंशांची सवलत हातची गेली. इंजिन तेच, उष्णता तीच, पण पाणी आधीच उकळतं, वाफ होऊन रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर पडतं, पातळी उतरते आणि पुढच्या घाटात आणखी लवकर उकळतं.

बूच थंड इंजिनावर काढून उलटं करून बघा. खालच्या रबरी रिंगवर रेडिएटरच्या काठाचा खोल वण पडला असेल, किंवा मधली छोटी झडप नखाने ओढल्यावर परत बसत नसेल, तर बदलायचं. ती छोटी झडप निकामी झाल्याची खूण सोपी आहे: रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसतो. गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत यायला पाहिजे, ते येत नाही. नवं बूच घेताना जुन्यावरचा किंवा हँडबुकातला आकडा जुळवून घ्या. जास्त आकड्याचं बूच लावून शहाणपण करू नका, जुन्या रेडिएटरच्या टाकीचा जोड किंवा हीटरचा होज सुटतो. आणि बूच, थर्मोस्टॅट, होज या तीन वस्तू जुन्या बाजारातून घेण्यासारख्या नाहीत, तिथे घासाघीस कितीही चांगली होवो.

त्याच वेळी प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरवाल्याकडे बुचाच्या जागी बसणारा हातपंप असतो. बुचावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि १० मिनिटं पंपाच्या काट्याकडे बघत बसायचं. दाब उतरला तर गळती आहे. वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून पांढरट किंवा हिरवट ओघळ सुकलेला दिसला तर तिचं सील गेलंय. पुली धरून हलवली आणि खेळ लागला तर बेअरिंगही.

होज आणि बेल्ट पटकन होतात. खालच्या होजमध्ये आत स्प्रिंग असते; ती गंजून तुटली की आरपीएम वाढल्यावर पंपाच्या ओढीने होज चिमटतो आणि पाणी अडतं. गॅरेजमध्ये उभ्या, मंद चालणाऱ्या गाडीत हे कधीच दिसत नाही. एकाने ॲक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात, हात लांब ठेवून, होजकडे बघायचं. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर ताण देऊन उपयोग नाही, तो घसरणारच.

फॅन

ज्या गाड्यांना व्हिस्कस फॅन आहे तिथे तीन लाखांनंतर हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. त्याच्या डब्यात सिलिकॉन ऑइल असतं आणि पुढच्या बाजूला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी एक पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की पट्टी फिरते, ऑइल आत सोडते आणि फॅन इंजिनाला पकडतो. ऑइल गळून गेलं की फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. म्हणूनच ‘फॅन तर फिरतोय’ हे उत्तर मानायचं नाही.

इंजिन बंद आणि थंड असताना पातं हाताने झटका देऊन सोडा. थोडा विरोध जाणवून अर्ध्या-एक फेरीत थांबलं तर ठीक. सुटं चक्र फिरावं तसं दोन-तीन फेऱ्या फिरत राहिलं तर संपलं. डब्याभोवती तेलकट धुळीच्या किरणांसारख्या रेघा दिसल्या तरीही तेच. मग गरम परीक्षा: रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून २००० आरपीएमवर इंजिन तापवा, काट्यावर नजर ठेवून. चांगला फॅन एका क्षणाला ट्रकसारखा घुमायला लागतो. तो आवाज ओळखू यायला लागतो. आवाज आलाच नाही आणि काटा पाऊणपर्यंत गेला तर पुठ्ठा काढा आणि फॅन बदला.

यात एक मेख आहे. फॅनची पट्टी पाण्याच्या नाही, हवेच्या गरमीवर चालते. रेडिएटर चोक असेल किंवा त्याच्या पापुद्र्यांत (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत) धुळीचा थर असेल तर पट्टीपर्यंत गरम हवा पोचतच नाही, आणि चांगला फॅनसुद्धा पकडत नाही. नवा फॅन टाकूनही फरक पडला नाही, ही तक्रार बहुतेक इथूनच येते.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलंय म्हणून काढून टाकलेल्या गाड्या भरपूर दिसतात. ते नसलं की फॅन आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून काहीच ओढत नाही. ते परत बसवा, तुटकं असलं तरी पट्टी मारून.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

आपल्याकडचा सर्वांत लाडका उपाय. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून थेट इंजिनात परतणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. पंपाने ढकललेलं बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता सोप्या वाटेने परत इंजिनात येतं. सपाटीला गाडी थंड, घाटात पूर्वीपेक्षा गरम, असं उलटंसुलटं त्यातून होतं. शिवाय डिझेल इंजिन थंड चालत राहिलं की ॲव्हरेज घटतं आणि लायनर-रिंग लवकर झिजतात.

जुना थर्मोस्टॅट फेकण्याआधी घरच्या गॅसवर बघा. त्याच्यावर उघडण्याचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक ८० च्या आसपास. त्याच्या झडपेत दोरा अडकवून भांड्यातल्या पाण्यात, तळाला टेकू न देता टांगा आणि सोबत थर्मामीटर धरा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. तोच उघडण्याचा क्षण. पाणी ९५ पर्यंत गेलं की झडप साधारण ८ मिलिमीटर उघडी दिसली पाहिजे. अर्धवट उघडत असेल तर दोषी सापडला. नवा बसवताना कडेची छोटी लोंबती पिन वरच्या बाजूला यायला हवी, हवा तिथूनच सुटते.

रेडिएटर आणि बोअरचं पाणी

मूळ दुखणं बहुतेक इथेच असतं. पुण्याच्या आसपास बोअरचं पाणी जड आहे. बादलीवर, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो तोच इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. पाणी थोडं कमी झालं की ढाब्यावरच्या नळाचं, पेट्रोल पंपावरचं, जे मिळेल ते ओतलं जातं. प्रत्येक लिटरबरोबर क्षार येतात, वाफ पाण्याची होते, क्षार आतच राहतात. थर उष्णता अडवतो आणि नळ्यांची तोंडंही अरुंद करतो.

बाहेरून सुरुवात करा. एसी असेल तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत बघा: पाचोळा, पोत्यांचे धागे, गवताचं बी, किडे, चिखल. पाणी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. वॉशिंग सेंटरची तोफ जवळून मारली तर पापुद्रे झोपतात आणि काम बिघडतं.

आतलं कळण्यासाठी गाडी चांगली तापवून वरच्या आणि खालच्या टाकीजवळ गनने रीडिंग घ्या, इथेही काळ्या टेपवर. साधारण ६ ते १२ अंशांचा फरक ठीक. २० च्या वर फरक म्हणजे पाणी संथ जातंय. फरक जवळजवळ नाहीच, तरी गाडी गरम, तर हवा लागत नाहीये. कोअरवर आडवं-उभं फिरवताना मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

थर हलका असेल तर सायट्रिक ॲसिडने निघतो, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ८ लिटरच्या गाडीला ४०० ग्रॅम. जुनं पाणी काढा, सत्व गरम पाण्यात विरघळवून भरा, हीटर असेल तर फुल गरमवर ठेवा, काटा नेहमीच्या जागी आल्यावर १५-२० मिनिटं चालू ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर काढा. मग साध्या पाण्याने तीन-चार वेळा आणि शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा वापरू नका, ॲल्युमिनियम खातो. एक इशारा: जुन्या गाडीत कुठे कुठे क्षारानेच भोकं बुजवलेली असतात. थर निघाला की ती गळायला लागतात. ती गळती ॲसिडने केलेली नसते, आधीपासूनच असते.

जास्त चोक असेल तर रेडिएटर उतरवावा लागतो. पितळी असेल तर कारागीर वरची टाकी डाग काढून उघडतो, नळ्यांतून पातळ पट्टी घालून रॉडिंग करतो आणि परत डाग मारतो. बसवण्याआधी त्याच्यासमोरच परीक्षा घ्या: खालचं तोंड हाताने बंद करून पाणी भरा आणि हात काढा. बदाबदा रिकामा झाला पाहिजे. करंगळीएवढी धार लागली तर काम झालेलं नाही. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर रॉडिंगच्या नादी न लागता कोअर किंवा अख्खा रेडिएटर बदलणं परवडतं.

भरताना लोक चुकतात ते असं. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये दोन-तीन लिटर पाणी राहतंच. म्हणून अर्धं-अर्धं मिसळलेलं मिश्रण भरलं की आत ते पातळ होतं. एकूण क्षमता हँडबुकातून बघा. ती ८ लिटर असेल तर आधी ४ लिटर घट्ट कूलंट ओता आणि मग राहिलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. ‘रेडी टू यूज’ लिहिलेल्या डब्यात पाणी आधीच असतं, त्यात आणखी घालायचं नाही. पुण्यात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. इथे ते गंज आणि क्षार रोखायला आणि उकळण्याचा आकडा वर न्यायला लागतं. हिरवं आणि नारंगी एकात एक ओतू नका. रंगावर भरवसा नाही, डब्यावरचा प्रकार वाचा.

हवा काढायला गाडीचं तोंड चढाला ठेवा, बूच उघडं, हीटर चालू, इंजिन मंद. वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम लागला आणि बुडबुडे थांबले की काठोकाठ भरून बूच लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना बाटली पुन्हा बघा, थोडी उतरलेलीच असते.

आणि गळती थांबवायला हळद? रस्त्यात अडकल्यावर गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. पण तीच हळद पुढे नळ्यांत लगदा होऊन बसते. घातली असेल तर रेडिएटरवाल्याला खरं सांगा.

पाणी जातं, पण गळत कुठेच नाही

प्रेशर टेस्टला दाब टिकतो, जमिनीवर थेंब नाही, तरी आठवड्याला अर्धा-एक लिटर लागतं. मग हेड गॅसकेट, तडकलेलं हेड, किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर पाण्याने थंड करणारा भाग) असलेल्या गाड्यांत तो कूलर. गॅसकेट जाण्याची सुरुवात अशी असते की फक्त लोडमध्ये सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतो. गॅरेजमध्ये मंद चालवून बुडबुडे बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. सोपी परीक्षा आहे. भरल्या गाडीने घाट चढून या, रात्रभर उभी ठेवा, सकाळी चालू न करता बूच हळूच अर्धं फिरवा. फुस्स आवाज झाला तर आत दाब आहे, आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनात दाब उरायचं काही कारण नाही. थंडगार इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तरी तेच निदान. ऑइलच्या काडीवर दुधाळ चहासारखा रंग ही फार पुढची पायरी, त्याची वाट बघू नका.

हेड उतरवलं तर ते प्रेशर टेस्ट करून घ्या, नुसतं फेस मारून (खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) नाही. सरळ पट्टी आणि फिलर गेजने वाकलंय का ते बघतात. बहुतेक हेडना ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढे चालत नाही, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये. डिझेलचं गॅसकेट वेगवेगळ्या जाडीत येतं, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी ठरवायची. दुकानदाराने हातात दिलं ते बसवायचं नाही. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच. ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवे.

एवढं सगळं ठीक असूनही घाटात काटा चढतच असेल तर इंजिनावर भार कोण टाकतंय ते बघा. घाटावरून आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकवर, ड्रम असो की डिस्क, गन धरा. एक बाकीच्यांपेक्षा फारच गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. क्लच घसरत असेल, डिझेल पंपाचं टायमिंग मागे पडून धूर काळा येत असेल, तरी उष्णता वाढते. पासिंगच्या दीडपट माल हेही एक कारण आहे, ते रेडिएटरवाल्याला दुरुस्त करता येत नाही.

घाटात काटा चढायला लागला तर

तिसऱ्यात रडत चढू नका. दुसरा टाका, आरपीएम वाढला की पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात. एसी बंद, हीटर फुल. तरी काटा थांबेना तर बाजूला घ्या. बेल्ट शाबूत असेल आणि वाफ नसेल तर लगेच बंद न करता मंद चालू ठेवा, पाणी फिरत राहील. बेल्ट तुटला असेल, वाफ येत असेल, किंवा काटा लाल पट्टीतून एकदम खाली पडला असेल तर ताबडतोब बंद. पाणी संपून सेन्सर उघडा पडला की काटा खोटाच खाली येतो, आणि तेव्हाच हेड जातं. वरचा होज हातात धरवेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, बुचाला हात लावायचा नाही. नंतरही जाड फडकं घालून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या. पाणी ओतायचं ते इंजिन मंद चालू ठेवून, थोडं थोडं, शक्यतो कोमट. तापलेल्या रिकाम्या ब्लॉकमध्ये गार पाणी गेलं की हेड तडकतं.

दुरुस्तीनंतरची चाचणी कात्रजच्या बोगद्याच्या चढावर रिकाम्या गाडीने घेऊन काही कळत नाही. नेहमीचा माल भरा, दुपारी दोन-तीनच्या उन्हात वडकीकडून दिवे घाट चढा, माथ्यावर थांबून हाउसिंगवरच्या काळ्या टेपवर रीडिंग घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा. महिनाभर दर सोमवारी थंड गाडीत रेघ बघा. बोटभर उतरली तर मार्चपर्यंत थांबू नका, प्रेशर टेस्टपासून पुन्हा सुरू करा.